विसणाचा तांब्या

अनयचे जुलाब तिसऱ्या दिवशीही थांबेनात, तेव्हा सातव्या मजल्यावरच्या त्या घरात ज्याने त्याने आपापला गुन्हेगार धरला.

समोरच्या दारातल्या रत्नप्रभाकाकू मूळच्या मालवणकडच्या. त्यांनी दृष्टीला धरलं. दारातूनच बाळाकडे बघत म्हणाल्या, "अगो मालन, पोराक दीठ लागली असतली. मीठ-मिरश्यो ओवाळून टाक आधी."

"आमच्यात दृष्ट-बिष्ट मानत नाहीत, ताई," बाळाची आजी मालन म्हणाली. "दात येतायत त्याला. दातांचंच आहे हे."

मालननं दातांना धरलं. प्रितमनं, म्हणजे तिच्या जावयानं, मुलुंडहून फोनवर पाण्याला धरलं. आणि अपूर्वानं कुणाला न सांगता स्वतःलाच धरलं. आठ महिन्यांचं लेकरू सोडून सोमवारपासून नोकरीवर जायला निघालेल्या आईला दुसरं कुणी लागत नाही.

ती मुलुंडच्या भाड्याच्या घरातून बाळाला घेऊन भांडुपला आईकडे राहायला आली होती, ती याच बेतानं. दिवसा अनय आजीजवळ, आणि ती अंधेरीला, विमा कंपनीच्या ऑफिसात. शनिवार-रविवारी प्रितम यायचा. पण इथे येऊन दहा दिवस होतात न होतात तोच पोराचं पोट बिघडलं. हसरं गुटगुटीत बाळ, तीन दिवसांत त्याची मान खांद्यावरून उचलेना.

गुरुवारी डॉक्टरीणबाईंकडे नेलं होतं. त्यांनी टाळू चाचपली, पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, आणि पहिला प्रश्न विचारला, "पाणी कुठलं देता?"

"उकळून," मालन ताठ होत म्हणाली. "चांगलं खळखळ उकळून. बाटली, वाटी, चमचा, सगळं उकळून."

"तुमच्याच बिल्डिंगमधलं हे तिसरं मूल आहे माझ्याकडे. म्हणून विचारलं." बाईंनी कागदावर लिहिता लिहिता सांगितलं, मीठ-साखरेचं पाकीट उकळून गार केलेल्या पाण्यात विरघळवून चमच्या-चमच्यानं पाजत राहा. झिंक चौदा दिवस, जुलाब थांबले तरी मध्ये सोडायचं नाही. अंगावरचं दूध अजिबात बंद करायचं नाही. "आणि डोळे खोल गेले, सहा तास लघवी झाली नाही, शीमध्ये रक्त दिसलं किंवा बाळ मलूल होऊन जागंच होईना, तर माझी वाट बघायची नाही. सरळ हॉस्पिटल."

लिफ्टमध्ये सोसायटीची चिठ्ठी लागलीच होती. 'पाणी उकळून व गाळून प्यावे.' मालननं ती वाचून नाक मुरडलं होतं. "ह्यांना काय जातंय लिहायला. पाण्याला नावं ठेवू नयेत." तरी नातवासाठी ती सकाळ-संध्याकाळ मोठं पातेलं चढवत होती. अपूर्वानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, पातेल्यात बुडबुडे थयथय नाचायचे आणि आई वर आणखी पाच मिनिटं थांबायची.

शुक्रवारी संध्याकाळी प्रितमचा फोन आला.

"अपू, इकडच्या पाळणाघरात मशीनचं पाणी आहे. त्या बाईंनी रविवारपर्यंत जागा धरून ठेवलीय. नाव घालून टाकू?"

"आई बाटलीसुद्धा उकळते रे."

"मग पोरगं आजारी कशानं?"

अपूर्वानं आतल्या खोलीकडे पाहिलं.

"आईंना वाईट वाटेल, मला कळतं यार," तो हळू आवाजात म्हणाला. "पण तू सांग ना मला दुसरं कारण. एक तरी सांग."

तिनं फोन ठेवला. आतल्या खोलीत मालन बाळाला मांडीवर आडवं घेऊन, चमचा त्याच्या ओठांच्या कोपऱ्याला लावून पाणी पाजत होती. एक चमचा, मग थांबायचं. मग एक चमचा. तोंडानं कसलंसं जुनं, शब्द नसलेलं गुणगुणणं चाललं होतं. अपूर्वाला ते गुणगुणणं ओळखीचं होतं. कुठून, ते आठवायला तिला वेळ लागला नाही.

*

ही इमारत उभी राहिली त्याच्या आधी इथे टेकडी होती आणि टेकडीवर त्यांचं घर होतं. एका खोलीचं, पत्र्याचं, पण दारात सिमेंटची स्वच्छ मोरी असलेलं. पप्पा, म्हणजे शिवदास, पालिकेच्या पाणीखात्यात चावीवाला होते. चावीवाला म्हणजे रस्त्याखालच्या मोठ्या व्हॉल्व्हची चावी फिरवून वस्तीवस्तीला पाणी सोडणारा आणि बंद करणारा माणूस. ती चावी काही खिशात मावणारी नव्हे. माणसाच्या छातीएवढी उंच लोखंडी कांब, वर आडवा दांडा. पप्पा ती खांद्यावर टाकून निघाले की वाटेतली बाया-माणसं विचारायची, "सोडलं का हो?" आणि पप्पा म्हणायचे, "निघालंय. पोचेल."

सुट्टीच्या दिवशी ते अपूर्वाला बरोबर न्यायचे. खड्ड्याचं झाकण सारायचे, कांब आत घालायचे, आणि दोन्ही हातांनी दांडा फिरवायचे. मग तिला म्हणायचे, "कान लाव." ती गार लोखंडाला कान लावायची. आधी काहीच नसायचं. मग लांबून, जमिनीच्या पोटातून, एक घरघर यायची. ती वाढत वाढत कानाजवळून निघून जायची.

"ऐकलंस? निघालं," पप्पा म्हणायचे. "आता ते आधी शाळेपाशी जाईल, मग बौद्धवाड्यात, मग आपल्याकडे. आपल्याकडे शेवटी."

"आपल्याकडे शेवटी का?"

"चावी माझ्या हातात आहे म्हणून," ते हसून म्हणायचे.

पप्पांचे आजोबा वाशीमकडच्या एका गावात विहिरीपासून चार हात लांब घागर ठेवून उभे राहायचे. कुणी वरून ओतेल तेव्हा पाणी. कधी दुपार उलटून जायची. ही गोष्ट पप्पांनी तिला एकदाच सांगितली होती, आणि ती सांगताना ते चावीचा दांडा पुसत होते. मालननं मात्र ती शंभरदा सांगितली. तिच्या मते अख्ख्या मुंबईचं पाणी भांडुपात धुऊन स्वच्छ होतं आणि त्यातलं ह्या टेकडीचं पाणी तिच्या नवऱ्याच्या हातून येतं, तेव्हा त्या पाण्याला वाईट म्हणणं म्हणजे... पुढचं ती बोलायची नाही. तिला बोलावंच लागायचं नाही.

घरी पाणी आलं की पप्पांचा एक कार्यक्रम असे. पहिली दोन तांबे धार मोरीत सोडून द्यायची. मग बोटाएवढ्या काचेच्या नळीत पाणी भरायचं. शर्टाच्या खिशातून लहानशी बाटली काढून त्यात दोन-चार थेंब टाकायचे, नळी हलवायची, आणि दारातल्या उजेडात धरायची. पाणी हळूहळू पिवळं व्हायचं, पातळ लिंबाच्या सरबतासारखं. पिवळं झालं म्हणजे पाण्यात जंतू मारायचं औषध शिल्लक आहे, पाणी प्यायला चांगलं. ओरडायचं काम अपूर्वाचं. "पिवळं आलंऽऽ!" ती ओरडली की मालन हंडा नळाखाली सरकवायची. त्याआधी नाही.

आणि मग आंघोळ. चुलीवरचं कढत पाणी बादलीत, आणि आईच्या डाव्या हाताशी विसणाचा तांब्या. कढत पाण्यात गार पाणी घातल्याशिवाय ते अंगावर घ्यायचं कसं? आई कोपर बुडवून बघायची, तांब्या कलता करायची, परत कोपर बुडवायची. "डोळे मीट गं राणी, विसण घालते." डोळे मिटले की फक्त आवाज उरायचा, गार पाणी गरम पाण्यात पडल्याचा. असा आवाज जगात दुसऱ्या कशाचा नाही. त्यावर आईचं ते शब्द नसलेलं गुणगुणणं.

अनयला हे सगळं मिळावं, एवढ्यासाठी तर ती इथे आली होती. पाळणाघरात मशीनचं पाणी असेल. डोळे मीट म्हणणारं कुणी असणार नव्हतं.

*

शनिवारी सकाळी ती लवकर उठली. बाळ जरा शांत झोपलं होतं, लंगोट ओला होता, म्हणजे लघवी झाली होती. तिला तेवढ्यानंही धीर आला. केस बांधत ती स्वयंपाकघराच्या दारात आली आणि तिथेच उभी राहिली, कारण आईला बघत राहावंसं वाटलं.

मालन ओट्याशी उभी होती. पातेल्यातलं पाणी नुकतंच उकळून उतरवलेलं, वाफ निघत होती. शेजारी मीठ-साखरेचं पाकीट कापून ठेवलेलं. तिनं उकळलेला डाव त्या पाण्यात बुडवून वाडग्यात माप घेतलं. वाडग्यावर तळवा धरून पाहिला. मग करंगळीचं टोक बुडवलं. "हां, चटका बसंल माझ्या सोन्याला," असं स्वतःशीच म्हणाली.

आणि डावा हात लांब करून तिनं नळाखालचा तांब्या उचलला, वाडग्यावर कलता केला.

तोच आवाज. अपूर्वाच्या अंगावर काटा आला. आधी पंचवीस वर्षं मागे गेल्याचा, आणि लगेच दुसऱ्याच कारणाचा.

"आई."

"उठलीस? थांब, त्याचं पाणी करतेय. कोमट झालंय आता, बघ."

"आई, तू त्यात काय घातलंस?"

"कशात?"

"वाडग्यात. आत्ता."

"विसण घातलं गं थोडं. कढत होतं."

"नळाचं?"

"मग कुणाचं?" मालननं वळून पाहिलं. तिला खरंच कळलं नव्हतं. उकळण्याचं काम तिनं चोख केलं होतं. विसण हे पाण्यात काही घालणं असतं, असं तिच्या उभ्या आयुष्यात कुणी धरलं नव्हतं. श्वास घेतला हे कुणी कामात मोजतं का, तसं.

अपूर्वा ओट्याला टेकली. "नाचणीच्या सत्वातपण घालतेस?"

"सगळ्यातच घालते. तुझं नाही का केलं? तू नाही का वाढलीस?"

"आणि हे औषधाचं पाणी? तीन दिवस?"

आता मालनच्या लक्षात यायला लागलं. पण लक्षात आलेलं मनाला पटायला वेळ लागतो. आधी रागच येतो. "चमचा-दोन चमचे विसण गं! तेवढ्यानं काय होतंय? आणि आपल्या नळाला झालंय काय? हे बघ, हे बघ!" तिनं काचेचा पेला भरला आणि खिडकीत धरला. "काचेसारखं आहे. गाळ नाही, वास नाही. ती लिफ्टमधली चिठ्ठी लावणारे परवा राहायला आले इथे. ह्या पाण्यासाठी तुझ्या पप्पांनी पस्तीस वर्षं खांदा झिजवला. त्याला तू घाण म्हणतेस?"

"मी घाण नाही म्हटलं."

"म्हटलंस. तोंडानं नाही म्हटलंस एवढंच."

दोन वर्षं झाली होती पप्पांना जाऊन. अपूर्वाच्या तोंडावर आलेलं सगळं, उकळलेल्या पाण्यात कच्चं पाणी एक थेंब पडलं तरी ते कच्चंच झालं गं, हे सगळं, तिनं गिळलं. आई वाद घालून ऐकणारी बाई नव्हती. तिला पटवणारा एकच माणूस होता, आणि तो पटवायचा कसा तर तोंडानं नाही, खिशातली बाटली काढून.

"आई, पप्पांची नळी कुठाय गं?"

"कसली?"

"काचेची. पिवळं यायचं ती."

मालन आत गेली आणि सुईदोऱ्याचा पत्र्याचा डबा घेऊन आली. रीळ आणि हुकांच्या खाली, जुन्या रुमालात गुंडाळलेली ती नळी होती. शेजारची बाटली कोरडीठक्क.

"थेंब संपले त्यांच्या बरोबरच," ती म्हणाली.

अपूर्वानं वाडगा मोरीत ओतला, बाळासाठी नवीन पाणी उकळायला ठेवलं, आणि ते निवेपर्यंत त्याला अंगाशी घेतलं. दूध पाजता पाजता एका हातानं तिनं विकीकाकांना फोन लावला.

*

विकीकाका पप्पांच्या हाताखाली पंधरा वर्षं होते आणि आता त्याच भागाची चावी त्यांच्याकडे होती. पोट सुटलेलं, कानावर पांढरे केस, पण अजून सगळे त्यांना विकीच म्हणायचे. दुपारी चारला पाणी सोडून ते थेट इमारतीत आले. तासाभरानं वर आले तेव्हा त्यांच्या हातात पाण्याच्या दोन लहान बाटल्या होत्या.

"जयभीम वहिनी. चहा नको, आधी नळी द्या दादांची. माझ्याकडे दोन आहेत, तिसरी पाहिजे."

ओट्यावर त्यांनी तीन नळ्या रांगेत ठेवल्या. पहिलीत खालच्या रस्त्यावरचं, मीटरपाशी घेतलेलं पाणी. दुसरीत इमारतीच्या जमिनीखालच्या टाकीत पडणाऱ्या धारेचं. तिसरीत, पप्पांच्या नळीत, घरच्या नळाचं. तिन्ही पाणी दिसायला सारखं, काचेसारखं. मग प्रत्येकात थेंब टाकले.

मालन दाराला टेकून, हाताची घडी घालून उभी होती. तोंड दुसरीकडे, डोळे नळ्यांवर.

पहिली नळी पिवळी झाली. छान, लख्ख पिवळी. अपूर्वाच्या ओठांवर ते जुनं ओरडणं येऊन थांबलं.

दुसरी झाली नाही. तिसरीही नाही.

"हलवून बघ," मालन म्हणाली.

विकीकाकांनी हलवलं. उजेडात धरलं. पाणी पांढरंच राहिलं.

"थेंब जुने असतील."

"मग पहिल्यात कसं आलं, वहिनी?"

आत बाळानं कूस बदलल्याची चुळबुळ ऐकू आली.

"म्हणजे रस्त्यापर्यंत पाण्यात औषध आहे," विकीकाका सांगू लागले, "आणि मीटरपासून टाकीपर्यंतच्या तुमच्या सोसायटीच्या पाइपात ते संपतंय. कोण संपवतंय? तर घाण. औषध घाणीशी लढतं आणि लढता लढता खलास होतं. मागच्या बाजूला तुमचा पाइप गटाराला चिकटून जातो. गंजलाय. मी आत्ता कांब लावून ऐकलं."

"मला ऐकायचंय," अपूर्वा एकदम म्हणाली.

रत्नप्रभाकाकूंना बाळापाशी बसवून दोघी खाली गेल्या. इमारतीच्या मागे, गटाराच्या कडेला, विकीकाकांनी लोखंडी कांब पाइपावर टेकवली. अपूर्वानं कान लावला. लोखंड तितकंच गार होतं. पाणी जात होतं, तीच घरघर. पण तिच्या खाली दुसरा एक आवाज होता, बारीक, चिरका, फुस्स करत राहणारा.

"पाणी चालू असलं की त्या फटीतून बाहेर गळतं," विकीकाका म्हणाले. "आणि पाणी बंद झालं की पाइपाच्या पोटात पोकळी होते. मग तीच फट गटारातलं आत ओढते. दिसणार नाही. वासही येईलच असं नाही. पोरांची पोटंच सांगतात."

मालननं हात पुढे केला. तिनं कधी कांबेला कान लावला नव्हता. चाळीस वर्षं चावीवाल्याची बायको, पण ते बाप-लेकीचं होतं, त्यात ती आली नव्हती. आता पदर सावरून ती वाकली, कान लावला आणि डोळे मिटले.

"त्यांनी ऐकलं असतं," ती उठून म्हणाली. "पहिल्याच दिवशी ऐकलं असतं."

"दादा रोज ऐकायचे, वहिनी. त्यांचा पाण्यावर भरवसा होता असं वाटतं का तुम्हाला? अजिबात नाही. मला म्हणायचे, विक्या, पाण्यावर माया असेल तर रोज संशय घ्यायचा. स्वतःच्या घरचा नळ आधी तपासायचे आणि मग ड्युटीवर."

पिवळं आल्याखेरीज हंडा न सरकवणारे स्वतःचे हात मालनला आठवले असावेत. सातव्या मजल्यावर लिफ्टचं दार उघडलं तेव्हा ती म्हणाली, "मीच पाजलं त्याला. तीन दिवस. औषध म्हणून."

"आई, तुला माहीत नव्हतं."

"तेच म्हणतेय मी."

आणि मग तिनं पदर खोचला. माठ पालथा केला, आतून घासून तोंड खाली करून वाळत ठेवला. फ्रिजमधल्या बर्फाचे खण रिकामे केले, बर्फ नळाच्याच पाण्याचा होता. दात घासायच्या पेल्याशेजारी उकळलेल्या पाण्याचा गडू ठेवला. बाळाची बाटली, वाट्या पुन्हा उकळल्या आणि या वेळी नळाखाली धरल्या नाहीत, तशाच झाकून निथळू दिल्या. कोथिंबीर नळाखाली धुतलेली होती, तीसुद्धा टाकली. शेवटी विसणाचा तांब्या घासूनपुसून फळीवर उंच ठेवून दिला, पालथा. अपूर्वाला ते बघवेना.

रत्नप्रभाकाकू सगळा पसारा बघून म्हणाल्या, "माका तरी सांगा गो कोणी, दीठ नव्हतीच?"

"होती," मालन म्हणाली. "गटाराची."

*

रविवारी प्रितम आला, पाळणाघराचा कागद घेऊन. अनयला रात्रीपासून एकदाच शी झाली होती. आजीच्या मांडीवर तो चमच्याला हात मारत होता. प्रितमनं सगळं ऐकलं, तीन नळ्यांची गोष्ट दोनदा ऐकली, आणि कागद टेबलावर ठेवून म्हणाला, "संध्याकाळपर्यंत सांगायचंय. मी काही बोलत नाही. तुम्ही दोघी ठरवा."

मालन म्हणाली, "घाला नाव, जावईबापू. मशीनचं पाणी आहे तिकडे. मी जुन्या वळणाची बाई, हात आपोआप जातो माझा तांब्याकडे. उद्या परत गेला तर?"

तिनं ते रडून म्हटलं असतं तर अपूर्वाला सोपं गेलं असतं. ती शांतपणे म्हणाली, पोराच्या पायातला मोजा सारखा करत.

"निवेपर्यंत वाट बघायची, एवढंच आहे ना," अपूर्वा म्हणाली.

"भूक लागली की पोर थांबतं का? अर्धा तास रडेल. माझ्यानं ते ऐकवत नाही, म्हणून तर विसण..." मालन बोलता बोलता थांबली. तिचं लक्ष ओट्यावरच्या पातेल्याकडे गेलं. काल संध्याकाळी उकळून, झाकून ठेवलेलं पातेलं. ती उठली, बाळाला जावयाच्या हातात दिलं, आणि पातेल्याला बाहेरून हात लावला. गार होतं.

"अपू," ती म्हणाली. "हे काल उकळलेलं. आता आजचं उकळायचं. आजच्या कढताला कालचं विसण घातलं, तर ते उकळलेल्यात उकळलेलंच गेलं की नाही?"

प्रितम म्हणाला, "आई, झकास!"

"झकास नंतर. चुकतंय का ते सांगा. मी डॉक्टरीणबाईंना विचारते."

तिनं खरंच फोन लावला. स्पीकरवर बाई म्हणाल्या, "बरोबर आहे आजी. झाकलेलं हवं, उकळल्यापासून चोवीस तासांत संपवायचं, आणि त्यात हात, बोट, पेला काही बुडवायचं नाही. लांब दांड्याच्या डावानं काढा." मालननं स्वतःच्या करंगळीकडे पाहिलं आणि ती पदरात लपवली.

पाळणाघराचा कागद प्रितमनं घडी करून खिशात टाकला. त्या बाईंना जागा नको म्हणून फोन त्यानंच केला.

*

अपूर्वा सोमवारी गेली नाही. तिनं आणखी आठवडा मागून घेतला. त्या आठवड्यात सोसायटीनं मागचा पाइप बदलला, दोन्ही टाक्या रिकाम्या करून धुवून घेतल्या. सेक्रेटरींनी लिफ्टमधली चिठ्ठी काढली, तर मालननं त्यांना जिन्यात गाठून परत लावायला लावली. "नळी पिवळी होईस्तोवर चिठ्ठी राहील," ती म्हणाली. "आणि दर महिन्याला विकी बघून जाईल. मी सांगितलंय त्याला."

कामावर जायच्या दिवशी अपूर्वा तयार होऊन स्वयंपाकघरात आली. ओट्यावर दोन पातेली होती, दोन्ही झाकलेली. एकाच्या कडीला लाल दोरा बांधलेला, ते कालचं. फळीवरून तांब्या खाली आला होता. उकळत्या पाण्यातून काढलेला, चकचकीत, दोऱ्याच्या पातेल्याशेजारी.

मालन खिडकीपाशी अनयला कडेवर घेऊन उभी होती. दुसऱ्या हातात पप्पांची नळी, विकीकाकांनी दिलेल्या नव्या बाटलीतले थेंब टाकलेली. सकाळच्या उजेडात पाणी रंग धरत होतं.

"बघ, बघ, आजोबा आले," ती बाळाला सांगत होती. "अपू, ओरड की!"

"काय?"

"तुझं काम होतं ते."

"पिवळं आलं," अपूर्वा हळूच म्हणाली.

"हेच का ओरडणं? टेकडीखालपर्यंत जायचा आवाज तुझा."

अनय नळी धरायला झेपावला, मालननं ती चटकन उंच केली. नळीतलं पाणी मोरीत ओतलं, नळी धुऊन रुमालात ठेवली, हात साबणानं धुतले, आणि गॅस पेटवून पातेलं चढवलं.

"पिवळं आलं ना? मग परत उकळतेस कशाला?" अपूर्वानं मुद्दामच विचारलं.

"तुझे पप्पा नव्हते उकळत," मालन म्हणाली. "पण त्यांना नातू कुठे होता?"

अपूर्वानं बाळाच्या डोक्याचा वास घेतला, पर्स उचलली आणि ती बाहेर पडली. लिफ्ट खाली गेलेली होती. ती थांबली. दार अजून लोटलेलंच होतं आणि आत मोरीत बादली ओढल्याचा आवाज झाला. लिफ्ट वर आली, दार उघडलं, तरी ती आत शिरली नाही. तिनं डोळे मिटले.

"मीट डोळे रे राजा," आतून आईचा आवाज आला. "विसण घालते."